चार मिनिटं सदतीस सेकंद

टेक्सासच्या त्या आठवड्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण बर्फापासून सुरुवात करतात. मी एका अर्जापासून करतो. अर्ज दोन पानांचा होता. नैसर्गिक वायूचा जो प्रकल्प वीजकेंद्रांना इंधन पुरवतो, त्याने तो भरून आपल्या वीज कंपनीकडे द्यायचा. अर्थ साधा होता: भारनियमनाची वेळ आलीच, तर आमची लाईन तोडू नका, कारण आमच्याच वायूवर तुमची वीज तयार होते. २०२१ चा फेब्रुवारी उजाडला तेव्हा असा अर्ज असतो हेच कितीतरी वायू कंपन्यांच्या गावी नव्हतं.

सोमवार, ८ फेब्रुवारी ते शनिवार, १३ फेब्रुवारी

थंडी अचानक आली नाही. टेक्सासचं वीजजाळं सांभाळणारी संस्था म्हणजे एर्कॉट. आपल्याकडे राज्य भार प्रेषण केंद्राचं जे काम ऐरोलीतून चालतं, ते तिथे ऑस्टिनजवळच्या टेलर गावातून चालतं. एर्कॉटने आठ तारखेलाच पहिली सूचना काढली आणि पुढच्या तीन दिवसांत तिची पायरी चढवत नेली. गुरुवारी फोर्ट वर्थच्या महामार्गावर न दिसणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावरून शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. सगळ्यांना कळलं होतं की काहीतरी मोठं येतंय.

आकडा मात्र चुकला होता. हिवाळ्यात अगदी वाईटात वाईट परिस्थितीत मागणी ६७,२०८ मेगावॅटपर्यंत जाईल, असा एर्कॉटचा अंदाज होता. टेक्सासमधली साठ टक्क्यांच्या आसपास घरं विजेवर ऊब घेतात. घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी, भिंती पातळ. बाहेर पारा शून्याखाली गेला की घरातला हीट पंप दमतो आणि आतली तापती कॉइल सुरू होते. मग तेच घर एकदम दुप्पट-तिप्पट वीज ओढायला लागतं.

शिवाय हे जाळं एकटं आहे. अमेरिकेच्या पूर्वेचं एक मोठं जाळं, पश्चिमेचं दुसरं, आणि मध्ये टेक्सासने आपलं वेगळं राखलेलं. केंद्र सरकारच्या नियमनापासून दूर राहायचं म्हणून शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या वाहिन्या अगदी मोजक्या, सगळ्या मिळून बाराशे मेगावॅटच्या घरात. २.६ कोटी लोकांच्या जाळ्याला ही मदत म्हणजे विहिरीला तांब्याने पाणी घालण्यासारखी.

आणि हे पूर्वी घडून गेलेलं होतं. २ फेब्रुवारी २०११ ला अशाच थंडीत ४,००० मेगावॅटचं भारनियमन झालं. त्याच वर्षी केंद्रीय नियामकांचा अहवाल आला. वीजकेंद्रं आणि वायुविहिरी थंडीसाठी सज्ज करा, हे त्यात लिहिलं होतं. भारनियमनात वायुप्रकल्पांचीच वीज तुटली आणि त्याने वायू आणखी घटला, हेही होतं. दहा वर्षं तो अहवाल सगळ्यांना उपलब्ध होता. मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त चीड येते ती इथे.

रविवार, १४ फेब्रुवारी, सकाळ

एर्कॉटने लोकांना आवाहन केलं. थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर, म्हणजे २० सेल्सिअसवर आणा, मोठी यंत्रं लावू नका, नको तिथले दिवे बंद करा.

असं आवाहन हवेत विरतंच, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात उष्णतेच्या लाटेत मागणी ५२,०६१ मेगावॅटच्या विक्रमावर पोचली होती. संध्याकाळी पावणेसहाला सरकारने लोकांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश पाठवला आणि अर्ध्या-पाऊण तासात सुमारे दोन हजार मेगावॅट मागणी खाली आली. राज्यव्यापी भारनियमन करावं लागलं नाही. पण उकाड्यात एसी दोन अंशांनी वर न्यायचा आणि गारठ्यात मुलांच्या खोलीतली ऊब कमी करायची, या दोन मागण्या सारख्या नाहीत. कॅलिफोर्नियाला संध्याकाळचे काही तास तगायचं होतं. टेक्सासला चार दिवस.

रविवार, संध्याकाळी ६ ते ७

मागणी ६९,००० मेगावॅटच्या वर गेली. हिवाळ्यातला तोवरचा विक्रम. वाईटात वाईट म्हणून धरलेला आकडा मागे पडला आणि रात्र अजून पुढेच होती. जाळं मात्र उभं होतं.

रविवार रात्र, अकरानंतर

संच पडायला लागले. गोठणारा पाऊस पवनचक्क्यांच्या पात्यांवर आधीच बसला होता. आता वायूवर चालणाऱ्या केंद्रांचे संच एकामागून एक बंद होऊ लागले. कुठे दाब मोजणारी नळी गोठली, कुठे झडप अडकली, कुठे वायूचाच दाब उतरला. दोनच दिवसांनी राज्यपाल ग्रेग ॲबट टीव्हीवर पवनचक्क्यांकडे बोट दाखवणार होते. नंतरच्या केंद्रीय चौकशीत दिसलं ते असं: अचानक बंद पडलेल्या संचांत ५८ टक्के नैसर्गिक वायूचे होते. कारणांत ४४.२ टक्के वाटा गोठण्याचा होता, ३१.४ टक्के इंधनाचा.

रात्री १२.१५

आणीबाणीची पहिली पायरी जाहीर झाली.

आता थोडं फ्रिक्वेन्सीबद्दल, कारण पुढचे दोन तास तिचेच आहेत. माझ्या लहानपणी गावात भारनियमन असायचं. पिठाची गिरणी लाईटच्या वेळापत्रकावर चालायची आणि आम्ही डबे घेऊन रांगेत उभे राहायचो. लाईट आली की गिरणीवाले काका पट्टा चढवायचे. घाईघाईत तोंडात जास्त दाणे ओतले गेले की चाकाचा आवाज जड व्हायचा, खाली उतरायचा. डोळे मिटूनही कळायचं की यंत्र दमतंय. काका लगेच दाण्यांवर हात धरायचे आणि आवाज पुन्हा वर यायचा.

वीजजाळंही असंच आहे. हजारो किलोमीटर पसरलेली सगळी जनित्रं एका लयीत फिरतात. आपल्याकडे ती लय सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० ची. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की लय उतरते, सगळीकडे एकाच वेळी. तेव्हा उपाय दोनच: आणखी वीज आणा, नाहीतर दाण्यांवर हात धरा.

१.०७

दुसरी पायरी. आता हात धरायचा होता.

याला वीजक्षेत्रात मागणी-प्रतिसाद म्हणतात. टेक्सासमध्ये त्याचे दोन मोठे प्रकार होते. पहिला, मोठ्या कारखान्यांचा. त्यांच्या वीजजोडणीवर रिले बसवलेला असतो आणि फ्रिक्वेन्सी ५९.७ ला आली की तो अर्ध्या सेकंदात आपोआप लाईन तोडतो. नियंत्रण कक्षातूनही हुकूम देता येतो. कोणतंही जनित्र इतक्या वेगाने जाळ्याच्या मदतीला येत नाही, आणि तयार राहण्याबद्दल कारखान्याला पैसे मिळतात. दुसरा प्रकार आणीबाणी सेवेचा. छोटे-मोठे ग्राहक करार करतात की सांगाल तेव्हा दहा किंवा तीस मिनिटांत आम्ही आमचा वापर उतरवू.

मला हा विचार मनापासून पटतो. पुणेकरांना तो २००६ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी शहरातल्या कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे डिझेल जनरेटर चालवायचे, त्यामुळे जाळ्यावरची वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जादा खर्च ग्राहकांकडून आकार लावून भरून काढायचा, अशी व्यवस्था राज्य वीज नियामक आयोगाने मान्य केली. भारनियमनमुक्त पुणे म्हणून ती गाजली. कोणाची वीज, किती वेळ आणि कशाच्या मोबदल्यात कमी करायची, हे संकट यायच्या आधी ठरवून ठेवणं हा त्याचा गाभा. संकटात हातात येईल ती लाईन तोडण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पण त्या यादीत कोण आहे, हे पाहिलेलं असायला हवं. टेक्सास विद्यापीठाच्या ऊर्जा संस्थेतल्या संशोधकांनी पुढे जुलै २०२१ मध्ये याचा हिशेब मांडला. आणीबाणी सेवेत नोंदवलेले ६७ वीजमीटर असे निघाले, जे वीजकेंद्रांना वायू पुरवणाऱ्याच साखळीतले होते. त्यांनी करार केला होता, थोडे पैसे घेतले होते आणि हुकूम येताच वापर उतरवायला ते बांधलेले होते. म्हणजे वीज वाचवण्यासाठी जी बटणं दाबायची, त्यातली काही बटणं विजेचं इंधनच बंद करणारी होती. त्यातल्या किमान पाच ठिकाणांनी पुढे स्वतःहून वीज कंपनीला कळवलं की आमचा वायुपुरवठा अत्यावश्यक आहे.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. वायू कंपनीतल्या एका टेबलावर खर्च वाचवायची योजना मंजूर झाली. तो दोन पानांचा अर्ज दुसऱ्या टेबलावर जायला हवा होता. ही दोन टेबलं एकमेकांशी कधी बोललीच नाहीत.

१.२०

तिसरी पायरी, शेवटची. एर्कॉटने वितरण कंपन्यांना हुकूम दिला: १,००० मेगावॅट तोडा. आता आवाहन, करार, मोबदला सगळं मागे पडलं. उपकेंद्रातून थेट फीडर बंद.

भारतात तेव्हा सोमवारी दुपारचा एक वाजायला दहा मिनिटं होती. माघी गणेशजयंतीचा दिवस. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला हजारो मराठी कुटुंबं राहतात, तिथे त्या वेळी मध्यरात्र होती.

१.५१

हजार मेगावॅट तोडून भागलं नाही. तोडत होते त्याहून वेगाने संच पडत होते. फ्रिक्वेन्सी ५९.४ च्या खाली गेली.

साठातून सहा दशांश गेले तर काय बिघडलं, असं कोणालाही वाटेल. पण वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनची पाती ठरावीक लयीसाठी बनवलेली असतात. लय उतरली की पात्यांत धोकादायक कंप सुरू होतो. म्हणून प्रत्येक मोठ्या संचाला एक घड्याळ लावलेलं असतं: ५९.४ च्या खाली सलग नऊ मिनिटं गेली, तर स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पड. एक संच बाहेर पडला की उरलेल्यांवर बोजा वाढतो, लय आणखी उतरते आणि मग सगळेच बाहेर.

त्यानंतर टेक्सास शून्यावर येतं. वीजकेंद्र सुरू करायलाच वीज लागते. बाहेरच्या विजेशिवाय स्वतःच्या बळावर उठू शकतील असे संच राज्यात २८ होते आणि त्यातले बहुतेक त्याच आठवड्यात कधी ना कधी बंद पडले किंवा अडखळले. सगळं जाळं पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागले असते, गोठणबिंदूच्या खाली.

घड्याळं चालू झाली होती. टेलरच्या नियंत्रण कक्षातून हुकूम वाढत गेले. आणखी हजार, मग एकेका वेळी हजारोंनी. दुसऱ्या टोकाला वितरण कंपन्यांचे लोक एकेक फीडर बंद करत होते. आपण नेमका कोणाचा दिवा, कोणाची ऊब, कोणत्या वायुविहिरीचा पंप बंद करतोय, हे विचारायला त्यांच्याकडे सेकंदही नव्हते.

१.५५

फ्रिक्वेन्सी ५९.३०२ पर्यंत गेली. ५९.३ ला जाळ्यातला पाच टक्के भार आपोआप तोडणारे रिले सज्ज होते. मध्ये उरले होते दोन सहस्रांश.

मग आकडा वर सरकला. ५९.४ च्या खाली जाळं एकूण चार मिनिटं तेवीस सेकंद होतं. नऊ मिनिटांतली चार मिनिटं सदतीस सेकंद उरली. रात्री दोनच्या सुमारास एकूण १०,५०० मेगावॅट तोडलं गेलं होतं आणि लय पुन्हा साठाकडे निघाली होती. त्या रात्री कक्षात बसलेल्यांनी जाळं वाचवलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. राज्यात तेव्हा बहुतेक लोक झोपेत होते. कितीतरी घरांतला फक्त हीटरचा आवाज थांबला होता.

पहाटे ५.३७

साउथ टेक्सास अणुवीज केंद्राचा एक संच बंद पडला. सुमारे तेराशे मेगावॅट. अणुभट्टीला काही झालं नव्हतं. आत जाणाऱ्या पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठली आणि यंत्रणेला वाटलं की पाणी येत नाही. एवढ्या प्रचंड केंद्राचं भवितव्य बोटभर जाडीच्या नळीवर होतं, आणि त्या नळीला पुरेसं वेष्टण नव्हतं.

सोमवार, १५ फेब्रुवारी, दिवसभर

लोकांना सांगितलं होतं की आळीपाळीने पाऊण तासापर्यंत वीज जाईल. लाईट गेली आणि आलीच नाही.

कारण असं. ज्या फीडरवर रुग्णालय, पाण्याचे पंप, अग्निशमन केंद्र, तो तोडायचा नाही. आपोआप तुटण्यासाठी राखून ठेवलेले फीडर म्हणजे जाळ्याच्या एकूण भाराचा चौथा हिस्सा, तेही तोडायचे नाहीत. मग उरतात ते मोजके. त्यांतून हजार-दोन हजार मेगावॅट काढायचे असते तर पाळी फिरवता आली असती. पण हुकूम वाढत वाढत २०,००० मेगावॅटपर्यंत गेला. उरलेले सगळे फीडर बंद करूनही जेमतेम आकडा गाठला जात होता, तर पाळी कशाची फिरवणार? एका वस्तीत तीन दिवस अंधार आणि रुग्णालयाच्या फीडरवरच्या शेजारच्या वस्तीत एक मिनिटही नाही. ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या मध्यवर्ती भागात रिकाम्या कचेऱ्यांचे मनोरे उजळलेले राहिले, कारण त्यांच्याच तारांवर अत्यावश्यक ग्राहक होते. काही मैलांवर माणसं घरातल्या घरात चार-चार रजया पांघरून बसली होती. सर्वांत बिकट वेळी ४५ लाख घरं आणि दुकानं अंधारात होती.

मागणी-प्रतिसादाचं संशोधन नेमकं याच ठिकाणी कामाचं आहे. एक फीडर म्हणजे हजारभर घरं. त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. त्याच हजार घरांतून प्रत्येकी थोडी ऊब, थोडं गरम पाणी, थोडा वेळ वाटून घेता आला असता, तर कोणाचंच घर पूर्ण गारठलं नसतं. स्मार्ट मीटर टेक्सासमध्ये घरोघरी होते. पण घरागणिक तुटवडा वाटून घ्यायची व्यवस्था कोणी उभी केलेली नव्हती.

आणि वायू? विहिरींच्या तोंडाशी पाणी गोठत होतं, दाब वाढवणाऱ्या केंद्रांची वीज गेलेली. टेक्सासचं वायू-उत्पादन काही दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आलं. ऑन्कॉर या मोठ्या वितरण कंपनीच्या अत्यावश्यक यादीत वादळाआधी वायुक्षेत्रातली फक्त ३५ ठिकाणं होती. वादळ चालू असताना फोनाफोनी करून तिने आणखी १६८ जोडली. ज्यांनी अर्ज भरला नव्हता ते आता अंधारातून फोन करत होते: आमची लाईन सोडा, आमच्याकडे वायू आहे.

सोमवार, संध्याकाळ

राज्याच्या वीज नियामकांनी घाऊक बाजाराचा भाव कमाल मर्यादेवर ठेवायचा आदेश दिला: मेगावॅट-तासाला ९,००० डॉलर. आपल्या हिशेबात एका युनिटला नऊ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. भाव वाढला की लोक वापर कमी करतील, हा त्यामागचा सिद्धांत. पण ज्याची लाईट गेली आहे तो काय कमी करणार? आणि ज्याची चालू आहे त्याने शून्याखालच्या रात्री म्हाताऱ्या आईच्या खोलीतला हीटर बंद करायचा का? ज्या थोड्या ग्राहकांनी घाऊक भावाशी जोडलेली योजना घेतली होती, त्यांची काही दिवसांची बिलं हजारो डॉलरवर गेली. किमतीच्या इशाऱ्यावर चालणारा मागणी-प्रतिसाद उन्हाळ्याच्या एखाद्या दुपारी चांगला चालतो. जिवावर बेतलेलं असताना तो चालत नाही, हे मी या प्रकरणातून शिकलो.

मंगळवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ८

डॅलसचा पारा त्या दिवशी उणे १९ सेल्सिअसला टेकला. सकाळच्या या सुमारास ५२,२७७ मेगावॅट क्षमता बंद होती, राज्याच्या एकूण क्षमतेच्या ४८.६ टक्के. भारनियमन नसतं तर मागणी ७६,८१९ मेगावॅटपर्यंत गेली असती, असा एर्कॉटचा नंतरचा अंदाज. म्हणजे टेक्सासच्या तोवरच्या कोणत्याही उन्हाळ्याहून जास्त.

घरांत लोक सापडेल ते जाळत होते. कोणी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून आत ऊब घेत होतं, कोणी कोळशाची शेगडी घरात आणत होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोठलेले नळ फुटले, शुद्धीकरण केंद्रांची वीज गेली आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं. बऱ्याच जणांकडे उकळायला साधनच नव्हतं.

बुधवार, १७ फेब्रुवारी, रात्री ११.५५

भारनियमनाचा शेवटचा हुकूम मागे घेतला गेला. सोमवारच्या १.२० पासून साडेसत्तर तास झाले होते. आणीबाणी पूर्ण उठायला शुक्रवार उजाडला.

जूनमध्ये राज्याने कायदा केला. वीजकेंद्रांनी थंडीची तयारी सक्तीने करायची आणि वायुसाखळीतली ठिकाणं शोधून त्यांचा नकाशा बनवायचा. अशा अत्यावश्यक ठिकाणांना यापुढे वीज कमी करण्याच्या करारात घ्यायचं नाही, असा नियमही एर्कॉटने आपल्या व्यवस्थेत आणला.

राज्याच्या आरोग्य विभागाने मृतांची मोजणी वर्षअखेरपर्यंत चालू ठेवली. आकडा २४६ वर थांबला. त्यातले १६१ थंडीने गेले, कितीतरी जण स्वतःच्या घरात.